बेडकाची तसबीर

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून अजूनही अशी एखादी तसबीर भिंतीवर दिसते : मारलेला वाघ आडवा पडला आहे, त्याच्या मस्तकाशी बंदुकीचा दस्ता टेकवून कोणी सरदार उभे आहेत, आणि मागे हाकेकऱ्यांची रांग आहे. वाघ निश्चल, सरदारही श्वास रोखून निश्चल. हाकेकऱ्यांपैकी ज्याने मान हलवली त्याचा चेहरा तेवढा पुसट आला आहे. छायाचित्रणाची कला आपल्या शहरात लवकर आली. राजा दीनदयाळ १८६६ साली इंदुरात बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे काढण्याच्या नोकरीवर आले, १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती धरला, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे उत्तेजन त्यांना लाभले. पण त्या काळच्या काचेला उजेड पुष्कळ लागे आणि वेळही लागे. जिवंत जनावर तेवढा वेळ देत नसे. म्हणून आधी बंदूक आणि मग कॅमेरा, असा क्रम ठरून गेला होता.

तो क्रम पुढे बदलला. १९२० नंतरच्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याच्या रानात वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की दिवा भडके, आणि वाघ आपणच आपले चित्र काढून पुढे जाई. त्या चित्रांचे पुस्तक १९२७ साली निघाले आणि पुष्कळ शिकाऱ्यांनी ते कुतूहलाने चाळले. आज तारेच्या जागी अंगाची ऊब ओळखणारे यंत्र आले आहे. ते झाडाला बांधून माणूस घरी झोपायला मोकळा. बेडकापुढे मात्र या दोन्ही युक्त्या हात टेकतात. तारेखालून तो सहज निघून जातो; आणि त्याचे अंग भोवतालच्या हवेइतकेच गार असल्यामुळे ऊब शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी तो जवळजवळ नसतोच. त्याच्या चित्रासाठी आजही माणसालाच जावे लागते. तेही पावसात, रात्री, आणि बहुधा पोटावर.

कोणी विचारील, बेडकाची तसबीर काढायचीच कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या भाषेने बेडकाला कधी मान दिलेला नाही. ज्याची दृष्टी तोकडी तो विहिरीतला बेडूक. ज्याची ऐपत नाही पण ऐट फार ती बैलाएवढी व्हायला निघालेली बेडकी. शाळेतल्या त्या बेडकीचे पोट फुटले, आणि त्यानंतर बेडूक आपल्या भेटीला आला तो थेट विज्ञानाच्या प्रयोगशाळेत, मेणाच्या तबकात टाचण्यांनी खिळलेला. पण याच देशात ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ वे सूक्त बेडकांवर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? वर्षभर मौन धरून पडलेले बेडूक पर्जन्याच्या स्पर्शाने व्रतस्थ ब्राह्मणांसारखे बोलू लागतात, असे तो ऋषी सांगतो. एकाचा आवाज गाईसारखा, एकाचा बकऱ्यासारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवा, हा तपशीलही तो नोंदवतो. सूक्ताचा हेतू काय, यावर पंडितांत वाद आहेत. आम्हाला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या ऋषीने बेडूक आधी ऐकला आणि मग पाहिला. आजचे जे चांगले बेडूक-छायाचित्रकार आहेत त्यांचाही क्रम हाच असतो.

हा क्रम प्रत्यक्षात पाहायचा तर आंबोलीला जावे. आपल्याकडच्या कित्येक घराण्यांची कुलदैवते कोकणात आहेत. पिढ्या माळव्यात गेल्या तरी नव्या सुनेला घेऊन एकदा तरी तिकडची वारी होतेच. पण ही वारी होते उन्हाळ्याच्या सुटीत नाहीतर थंडीत. आषाढात घाट चढण्याची बुद्धी कोणाला होत नाही, आणि त्यामुळे सह्याद्रीचा जो खरा संसार, तो आपण पाहिलेलाच नसतो. आंबोली हे पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानाच्या हद्दीतले थंड हवेचे ठिकाण. बेळगावहून पश्चिमेला ७० किलोमीटरच्या आतबाहेर, सावंतवाडीहून घाट चढून ३० च्या आसपास. उंची सुमारे ७०० मीटर. हिरण्यकेशी नदी इथेच उगम पावते. इंदुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि आपण त्याला पाऊस म्हणतो; आंबोलीला तो सात हजारांच्या घरात जातो. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, भिंतींना शेवाळ येते, आणि कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी धरते. ज्यांच्याकडे किमती भिंगे आहेत ते ओलावा शोषणाऱ्या पुड्या डब्यात घालून भिंगे अशी जपतात, की जणू बाळंतिणीची खोलीच.

आंबोलीच्या माथ्यावर जांभ्या दगडाची उघडी पठारे आहेत. तिकडे त्यांना सडा म्हणतात. मे महिन्यात सडा पाहावा तर काळाठिक्कर, तापलेला, गवताची काडी नाही. कोणालाही वाटावे की ही पडीक जमीन. इथे हॉटेल बांधा, मोटारी उभ्या करा, काही बिघडत नाही. पहिले पाऊस झाले की या दगडातल्या खळग्यांत बोटभर पाणी साचते, आणि त्या पाण्यापाशी रात्री एक चिमुकला भेक येतो. लांबी दीड इंचाच्या आत. अंगावर पिवळे पट्टे, थेट वाघासारखे. २००९ साली संशोधकांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि पट्ट्यांवरून त्याला ‘झँथोफ्राइन टायगेरिना’ असे नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ पिवळा भेक, दुसऱ्याचा वाघासारखा. त्याचा एक सख्खा भाऊबंद कोयनेच्या खोऱ्यात हुंबरळी येथे आहे. त्याचे वर्णन सोमण यांनी १९६३ सालीच प्रसिद्ध केले होते. या कुळाचे हे दोनच वंशज. पट्टेवाला तर आंबोली आणि तिच्या आसपासच्या थोड्या टापूखेरीज कुठेही मिळालेला नाही. म्हणूनच जगातील अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे.

म्हणजे पाहा, वाघाच्या तसबिरी घरोघर आहेत, पण या दीड इंची वाघाचे अवघे राज्य एखाद्या जुन्या जहागिरीपेक्षा मोठे नसेल.

त्याचे चित्र घेणे ही काय कसरत आहे ते सांगण्यासारखे आहे. तो खडकाच्या रंगात मिसळून बसतो. विजेरीच्या उजेडात पट्टे चमकले तरच दिसतो. उभ्याने चित्र घ्यावे तर ते चित्र म्हणजे वरून पाहिलेली एक पिवळी चिंधी. त्याच्या डोळ्याच्या पातळीला उतरावे तेव्हा तो प्राणी होतो, त्याला चेहरा येतो. म्हणून ओल्या जांभ्यावर आडवे व्हायचे. जांभ्याचे दात कोपरांना लागतात. पाऊस पाठीवर. एका हाताने कॅमेऱ्यावर छत्री, नाहीतर कोणी सोबती ती धरून उभा. जवळचे टिपणारे भिंग घेतले की दुसरी पंचाईत येते : अशा भिंगातून डोळा स्पष्ट आला तर नाकपुडी पुसट होते, नाकपुडी साधली तर डोळा जातो. भिंगाचे तोंड बारीक करावे तर उजेड पुरत नाही. मग कृत्रिम झोत लागतो. आणि बेडकाचे अंग ओले असल्यामुळे झोत सरळ पडला तर अंगभर पांढरे डाग येतात. त्यावर उपाय म्हणून झोतापुढे पातळ पांढरे कापड किंवा कागद धरतात, म्हणजे उजेड गाळून पडतो. आमच्या माहितीतले एक गृहस्थ त्यासाठी धोतराचा तुकडा वापरतात आणि परदेशी सामानापेक्षा तो सरस असल्याचे शपथेवर सांगतात.

हे सगळे जुळले तरी एक गोष्ट आपल्या हाती नसते. भेकाला वाटले पाहिजे की हा आडवा पडलेला प्राणी निरुपद्रवी आहे. त्याला अर्धा तास लागतो, कधी रात्र लागते. तो थांबला, गळा फुगवला, हाक दिली, तर चित्र. नाहीतर उठावे, कोपरे चोळावीत आणि उद्या यावे.

झुडपांवरचे लहान बेडूक हा तर कानाचाच खेळ. हे बेडूक नखाएवढे, पानाच्या रंगाचे, आणि आवाज मात्र असा की काचेवर नाणे वाजवावे. आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो. डावीकडे वळावे तर उजवीकडून, उजवीकडे पाहावे तर डोक्यावरून. आंबोलीचा एक तरुण वाटाड्या आम्हाला या कामातली युक्ती दाखवीत होता. दोघांनी दहा-बारा पावलांच्या अंतराने उभे राहायचे, दोघांनीही विजेऱ्या विझवायच्या, आणि आवाज आला की दोघांनी एकाच वेळी जिकडून आला असे वाटते तिकडे झोत टाकायचा. दोन झोत जिथे एकमेकांना छेदतील तिथे बेडूक. जमीन मोजणाऱ्या अमीनाची ही रीत. तिथे साखळी नसते एवढेच. आम्ही झोताच्या फुलीपाशी जाऊन पानन्‌पान पाहिले, काही दिसेना. पोरगा हळूच म्हणाला, “काका, हालू नकात. तो हंयच आसा.” आणि होताही. आमच्या नाकापासून वीतभर अंतरावर, कारवीच्या पानाच्या देठाशी, गळ्याचा फुगा करून बसलेला.

या गटातला एक बेडूक आंबोलीच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या कुळाची गंमत अशी, की त्यात शेपटीवाले पिल्लू पाण्यात वळवळण्याची अवस्था नाही. अंडी ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली. आणि अंड्यातून निघतो तो चारी पायांचा चिमुकला बेडूकच. बेडकाच्या जीवनक्रमाचे जे गोल चित्र आपण शाळेत काढले, ते या बेडकाने वाचलेले दिसत नाही.

उडत्या बेडकाचे तसे नाही, तो दिमाखाचा. मलबारी उडता बेडूक चांगला चार इंच होतो, अंग पोपटी, आणि बोटांमधले पडदे तांबडे-नारिंगी. ते पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. १८७० साली जर्डन यांनी त्याचे वर्णन केले. पावसाळ्यात हे बेडूक पाण्यावर ओणवलेल्या फांद्यांवर जमतात; मादी अंगातला चिकट स्राव पायांनी घुसळून त्याचा फेस करते, दुधावर साय चढावी तसा, आणि त्या फेसात अंडी घालते. फेस वरून वाळतो, आतून ओला राहतो. पिल्ले तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपटप खालच्या डबक्यात पडतात. छायाचित्रकारांची गर्दी सर्वांत अधिक होते ती याच्याभोवती, कारण रंग आहे आणि ऐट आहे. पण त्या गर्दीत आणखी एक प्रेक्षक असतो. मलबारी चापडा हा विषारी साप अशाच फांद्यांवर, अशाच रात्री, बेडकांसाठीच दबा धरून बसतो. तासन्‌तास हलत नाही. चित्राच्या नादात फांदीला हात घालणाऱ्याने आधी ती फांदी नीट निरखून घ्यावी. जळवांचे आम्ही काही सांगत नाही, त्या असायच्याच.

आता एक अशी गोष्ट, की जी डोळ्याने कोणी पाहिलीच नसती. मुंबई रातबेडूक नावाची एक जात सह्याद्रीत ओढ्यांच्या काठी राहते. १९५५ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले आणि पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावावरून तिचे नामकरण झाले. पुढे साठ वर्षे तिच्याविषयी विशेष काही कोणाला माहीत नव्हते. प्रा. सत्यभामा दास बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१२ च्या पावसाळ्यांत या बेडकांवर रात्रीच्या रात्री पाळत ठेवली, ती माणसाला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात. बेडकांनाही तो उजेड जाणवत नव्हता, म्हणून त्यांचे वागणे बिघडले नाही. आणि त्या चित्रफितींत जे दिसले ते कोणत्याही बेडकाबाबत पूर्वी नोंदलेले नव्हते. नर मादीला मिठी मारीतच नाही. तो तिच्या पाठीवर बसतो, हात मात्र पानावर किंवा फांदीवर टेकवतो, आपले काम उरकतो आणि उतरतो. अंडी मादी त्यानंतर घालते. शिवाय या जातीत मादीही हाक देते. बेडकांत हे विरळा. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. आम्हाला यात शोधापेक्षाही त्यामागची रीत मोलाची वाटते. उजेड वाढवून हे दिसले नसते. प्राण्याला न कळेल इतके मागे सरल्यामुळे ते दिसले.

सर्वांत हुलकावणी देणारा उभयचर मात्र बेडूक नव्हेच. तो आहे देवगांडूळ. नाव गांडुळाचे, रूप सापासारखे, आणि जात बेडकाची. पाय नाहीत, डोळे कातडीखाली झाकलेले, अंगावर वळ्यांवर वळ्या. आंबोलीची म्हणून एक जात २००३ साली नोंदली गेली आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतील जे. सी. डॅनियल यांचे नाव तिला देण्यात आले. देवगांडुळाचा मुक्काम ओल्या मातीत, शेणखताच्या खाली, दगडाआड. मुसळधार पावसाच्या रात्री कधी तो वर आला तर आला. शेतकऱ्याच्या फावड्याखाली निघाला की त्याला साप समजून ठेचतात. बिचाऱ्याला विष नाही, चावा नाही. त्याच्या कित्येक जातींत आई अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळे घालून बसते. त्या वेटोळ्याचे चित्र मिळवायचे म्हणजे दगड उचलायचा. आणि दगड उचलला की खालचा ओलावा मोडला, सावली मोडली, कधी आई अंडी सोडून निघून गेली. चांगला माणूस उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने, अलगद परत ठेवतो. त्याहून चांगला माणूस तो उचलीतच नाही. आणि त्याच्याजवळ देवगांडुळाचे चित्रही नसते.

इथे कोणी म्हणेल, मग हा खटाटोप सोडूनच का देऊ नये? तसे नाही. चित्राचा उपयोग आहे आणि तो मोठा आहे. पूर्वी बेडूक अभ्यासायचा म्हणजे पकडून मद्यार्कात बुडवायचा. बाटलीतल्या बेडकाचा आकार राहतो, रंग जातो. आंबोलीचा पिवळा पट्टा, उडत्या बेडकाचा पोपटी, सारे काही वर्षांत सारखेच करडे-मातकट. बूलेंजर यांचा १८९० चा ग्रंथ आपल्याकडील सरपटणाऱ्या प्राण्यांवर आणि उभयचरांवर आजही प्रमाण म्हणून उघडला जातो. पण त्यातले पुष्कळसे लेखन बाटल्या पाहून झालेले आहे. बेडूक जिवंतपणी कसा दिसतो, कुठे बसतो, गळा किती फुगवतो, कोणत्या पानावर अंडी घालतो, हे चित्रानेच टिकते. तारीख आणि ठिकाण जोडलेले एक साधे चित्र, मग ते कलेच्या दृष्टीने सुमार का असेना, अभ्यासकाच्या हाती पुरावा असतो. २०२३ साली जगभरच्या उभयचरांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात दर १०० जातींपैकी सुमारे ४१ जाती धोक्यात असल्याचे दिसून आले. पक्ष्यांची किंवा सस्तन प्राण्यांचीही अवस्था एवढी वाईट नाही. असे असताना पुरावा गोळा करणाऱ्या हातांना नको म्हणणे शहाणपणाचे नाही.

पण ते हात कोरडे असू नयेत. ही उपमा नव्हे, अक्षरशः सांगतो आहोत. बेडूक कातडीने श्वास घेतो, कातडीने पाणी पितो. आपल्या हाताचे मीठ, डास येऊ नयेत म्हणून चोपडलेले तेल, तंबाखूचा अंश, सारे त्याच्या अंगात जाते. शिवाय एका ओढ्यातला चिखल बुटांबरोबर दुसऱ्या ओढ्यात गेला की त्याबरोबर रोगही जातो. बेडकांच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी १९९९ साली शास्त्रज्ञांनी ओळखून तिला नाव दिले. २०१९ च्या एका अभ्यासानुसार जगात ५०१ जातींची घट तिने केली आहे आणि त्यांपैकी ९० जाती नाहीशा झाल्या असाव्यात. सह्याद्रीतील बेडकांच्या अंगावरही तिचा माग लागला आहे; सुदैवाने तसा संहार इथे दिसलेला नाही. म्हणून जाणते लोक एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यापूर्वी बूट घासूनपुसून, जंतुनाशकाने धुऊन घेतात. देवळात शिरताना पाय धुणाऱ्या आपल्या लोकांना हे अवघड जाऊ नये.

यापुढचे प्रकार मात्र अज्ञानाचे नाहीत, लोभाचे आहेत. बेडूक पकडून डब्यात घालायचा, मुक्कामाच्या खोलीवर आणायचा, हलू नये म्हणून बर्फाजवळ ठेवून गारठवायचा, मग सुंदर फुलावर बसवून चित्र घ्यायचे. पानाची छत्री धरून बसलेला बेडूक आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. पूर्वेकडच्या देशांतून आलेल्या अशा चित्रांनी काही वर्षांपूर्वी जग हसवले. बेडकाच्या स्वभावाची माहिती असलेल्या पुष्कळांनी तेव्हाच सांगितले की बेडूक असे काही करीत नाही, यात दोरा किंवा तार असली पाहिजे. आमच्या मते ही चित्रे आणि सरदारसाहेबांची वाघावरची तसबीर एकाच जातीची. एवढेच, की सरदारसाहेबांनी वाघ जिवंत असल्याचा आव आणला नव्हता.

चित्र प्रामाणिक असले तरी एक अडचण उरतेच. सुंदर चित्र प्रसिद्ध झाले की त्याखालचे गावाचे नावही प्रसिद्ध होते. आंबोली हे नाव असेच पसरले. पूर्वी तिथे धबधब्यासाठी लोक जात. आता पावसाळ्यात कॅमेरे घेऊनही टोळ्या येतात. त्यातून गावच्या पोरांना वाटाड्याचे काम मिळाले, खानावळी चालल्या, आणि ज्या बेडकाकडे कोणी ढुंकून पाहात नसे तो राखला पाहिजे असे गावालाच वाटू लागले. हा लाभ खोटा नाही. २०२० साली तिथल्या हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यातून माशाची एक नवी जात जाहीर झाली, आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. नाव झाल्याचाही असा उपयोग होतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. घाटाचा रस्ता त्याच रानातून जातो. पावसाच्या रात्री बेडूक रस्ता ओलांडतात आणि मोटारी त्यांच्यावरून जातात. सकाळी डांबरावर जे दिसते ते कोणी छायाचित्रात घेत नाही. सड्यावर एका चाकाची एक चकारी उमटली तर बोटभर पाण्यातली शेकडो पिल्ले संपतात. वीस जण एकाच भेकाभोवती झोत लावून बसले तर तो गप्प बसतो. आणि त्याची हाक देण्याची मोसमभरातली रात्र वाया जाते. त्याच्याजवळ रात्री फार नाहीत.

म्हणून काही छायाचित्रकार आता चित्राखाली नेमके ठिकाण देत नाहीत. जिल्ह्याचे नाव देऊन थांबतात. निरीक्षणांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळांवरही संकटग्रस्त जातींचे ठिकाण आपोआप पुसट केले जाते, अभ्यासकाला नेमके ठिकाण हवे असेल तर त्याने विचारावे लागते. यावर आंबोलीच्या वाटाड्याने विचारावे, की ठिकाण सांगितले नाही तर आमच्याकडे येणार कोण? त्याचाही प्रश्न योग्यच आहे. आम्हाला वाटते, रात्री किती माणसांनी सड्यावर जावे हे गावानेच ठरवावे, वाटाड्याशिवाय कोणी जाऊ नये, राखीव रानात वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये, आणि मोसमाच्या पहिल्या रात्री बेडकांनाच सोडाव्यात. पहिल्या रात्रींची चित्रे उत्तम येतात, हे ठाऊक असूनही हे लिहितो आहोत.

ज्यांना एवढ्या लांब जाणे होत नाही त्यांनी खट्टू होऊ नये. आपल्या माळव्यातला मोठा बेडूक, इंग्रजीत ज्याला बुलफ्रॉग म्हणतात तो, वर्षभर मातकट हिरवा असतो आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही. एके काळी त्याच्या तंगड्यांचा परदेशी मोठा व्यापार चाले. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. पहिला जोराचा पाऊस झाला आणि शेताच्या कडेला पाणी साचले की याचा नर हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे फुगे निळेभोर होतात. बोहल्यावरच्या नवरदेवाला हळद लागते तीही इतकी अंगभर नसते. सिरपूरचा तलाव, यशवंतसागर, त्यांच्या भोवतालची सखल शेते, कुठेही ऐन पहिल्या पावसानंतर सकाळी पाहावे. त्याला जवळचे भिंग लागत नाही, पोटावर पडावे लागत नाही. बांधावर मुकाट्याने बसून लांबून घेतलेले चित्रही चांगले येते. मुलांना न्यायचे असेल तर त्यांना आधी आवाज ऐकू द्यावा. आणि जायचे तर पाऊस पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी जावे, रविवारची वाट पाहू नये. तो रंग थोडेच दिवस टिकतो.